अंदमानच्या चापड्यावर औषध नाही म्हणतात, मग चावला तर काय करायचं? (जरा मोठं उत्तर)

आधी मूळ प्रश्न थोडक्यात लिहितो म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ कळेल. ताईंचं कुटुंब नाशिकचं, यजमानांची बदली दक्षिण अंदमानात, वंडूरच्या रस्त्याला क्वार्टर. मोरीच्या खिडकीच्या गजावर सलग तीन संध्याकाळी एकच साप वेटोळं करून बसलेला दिसला, अंग तपकिरी, त्यावर पिवळट डाग, डोकं त्रिकोणी. घरात चार वर्षांची मुलगी. शेजारचे एकजण म्हणाले इथले साप काही करत नाहीत, दुसरे म्हणाले याचं औषध अख्ख्या भारतात नाही, चावला की संपलं. ताईंना विचारायचंय की सापाचं इंजेक्शन यावर चालतं का, त्याला मारायचं का, आणि मुलीला घेऊन सरळ नाशिकला परत जावं का.

मी मूळचा कुडाळकडचा, अंदमानात सरकारी नोकरीत नऊ वर्षं मेडिकल ऑफिसर होतो, त्यातली बरीचशी मिडल अंदमानात, सुपारीच्या बागांच्या मधोमध असलेल्या एका छोट्या केंद्रात. आता परत सिंधुदुर्गात आहे. तिथे सापाचे जे पेशंट यायचे त्यातले निम्म्याहून जास्त याच सापाचे, म्हणजे चापड्याचे, असायचे, म्हणून लिहितोय.

ताई, तुमचे दोन्ही शेजारी अर्धं अर्धं बरोबर आहेत, आणि खरी भीती वाटावी अशी गोष्ट तीच आहे. पहिल्याचं ऐकून लोक चावल्यावर घरी झोपून राहतात. दुसऱ्याचं ऐकून हातपाय गाळतात, नाहीतर घाबरून हाताला दोरी आवळतात, ब्लेडने कापतात. औषध नाही हे खरं आहे. पण औषध नाही आणि उपचार नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मी नऊ वर्षं पेशंटच्या नातेवाईकांना जर काही एकच वाक्य परत परत सांगितलं असेल तर ते हे. डेंग्यूवर तरी कुठे औषध आहे? तरी आपण पेशंटला ॲडमिट करतो, प्लेटलेट बघतो, सलाईन लावतो आणि माणूस चालत घरी जातो. इथेही बरंचसं तसंच आहे. तुमचा खरा प्रश्न इंजेक्शनचा नाहीच, चावल्यानंतर पहिल्या तासात तुम्ही काय करता आणि पुढचे तीन दिवस कोण तुमच्याकडे लक्ष ठेवतं, हा आहे.

आता साप कुठला ते बघू. वर्णनावरून आणि बसायच्या पद्धतीवरून हा अंदमानचा चापडा वाटतो. आपल्याकडे कोकणात, घाटात ज्याला चापडा म्हणतात त्याच्याच कुळातला, पण ही जात वेगळी. १८६८ मध्ये विल्यम थिओबाल्डने तिचं शास्त्रीय वर्णन केलं आणि कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचा पहिला प्रमुख जॉन अँडरसन याच्या नावावरून तिला ट्रायमेरेसुरस अँडरसनी हे नाव पडलं. बरीच वर्षं याला ब्रह्मदेश-मलेशियाकडच्या खारफुटीतल्या चापड्याची पोटजात समजायचे, आता स्वतंत्र जात मानतात. रंगावर मात्र अजिबात जाऊ नका. मी याला चॉकलेटी बघितलाय, राखाडी बघितलाय, जवळजवळ काळा बघितलाय, आणि अंगावर पांढरे-पिवळे शिंतोडे उडवल्यासारखाही बघितलाय, एकाच बागेत दोन वेगळ्या रंगांचे सुद्धा. आपल्या लोकांच्या डोक्यात चापडा म्हणजे हिरवागार असं बसलेलं असतं त्यामुळे हा तपकिरी दिसला की कोणाला चापडा आठवतच नाही.

पण एक घोळ नक्की होतो. अंदमानात एक मांजऱ्या साप आहे, तोही फक्त तिथलाच, तोही तपकिरी, रात्रीचा, झाडावरचा, त्याचीही बाहुली मांजरीसारखी उभी आणि डोकं मानेपेक्षा रुंद. त्याचं विष सौम्य असतं, माणसाला सहसा काही होत नाही. लोक दोघांनाही एकच समजतात. फरक असा, की मांजऱ्या साप लांबलचक आणि सडपातळ, दोरीसारखा, डोक्यावर मोठे गुळगुळीत खवले. चापड्याचं अंग जाड, मान एकदम बारीक, डोक्यावरचे खवले बारीक दाण्यांसारखे, आणि डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये आणखी एक खळगा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं याला दोन दोन नाकपुड्या आहेत. तो खळगा म्हणजे याचा उष्णता ओळखायचा अवयव. अंधारात उंदीर कुठे आहे ते याला त्याच्या अंगाच्या गरमीवरून कळतं. तुमचा हात सुद्धा त्याला तसाच दिसतो, हे लक्षात ठेवा. पण हा खळगा बघायला तुम्ही जवळ जायचं नाही. मोबाईलने लांबून झूम करून एक फोटो काढा, इथे टाका, मी सांगतो. सात-आठ फूट अंतर ठेवलंत तर पुरे, हा अंगाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यापासून ते फार तर निम्म्या लांबीपर्यंत झेप घेतो आणि मोठा झाला तरी मीटरभराच्या आसपासच असतो.

आता इंजेक्शनचं. आपल्याकडे जे सर्पविषविरोधी इंजेक्शन मिळतं, ज्याला दवाखान्यात सगळे एएसव्ही म्हणतात, ते चार सापांच्या विषावर बनतं, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींची सोसायटी या चार सापांचं विष काढून पुरवते, ते थोडं थोडं घोड्यांना टोचतात आणि घोड्याच्या रक्तात जी प्रतिद्रव्यं तयार होतात ती शुद्ध करून बाटलीत भरतात. बाटलीवर लिहिलेलं असतं बघा, एक मिलि औषध नागाचं आणि घोणशीचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, मण्यारीचं आणि फुरशाचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करतं. चापड्याचं नाव त्यात नाही. गंमत बघा, अंदमानात घोणस नाही आणि फुरसंही नाही. तिथला नाग आणि मण्यार सुद्धा आपल्या नाग-मण्यारीपेक्षा वेगळ्या जातीचे. म्हणजे मुख्य भूमीवरच्या सापांसाठी बनवलेली बाटली जहाजाने बेटावर जाते आणि तिथे सगळ्यात जास्त चावणाऱ्या सापावर ती लागू पडत नाही. थायलंडमध्ये बँकॉकच्या रेड क्रॉसची संस्था तिथल्या हिरव्या चापड्याच्या विषावर वेगळं औषध बनवते, पण ते आपल्या सरकारी दवाखान्यात मिळत नाही.

मग "चालत नसेल पण देऊन तर बघा" असं नातेवाईक म्हणतात. मी त्यांची घालमेल समजू शकतो, आपलं माणूस तळमळतंय आणि डॉक्टर नुसता बघत बसलाय असं वाटतं. पण घोड्याच्या प्रथिनांची रिअॅक्शन येते, काहींना जबरदस्त येते. एकदा एका बेटावरून माझ्याकडे बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा पाठवला होता, चापडाच चावला होता, सोबत्याने मोबाईलवर स्पष्ट फोटो आणलेला. वाटेत एके ठिकाणी त्याला वीस बाटल्या देऊन झाल्या होत्या. आला तेव्हा ओठ सुजलेले, अंगभर गांध्या, बीपी खाली, श्वासाला घरघर. आम्ही ॲड्रेनलीन दिलं, तासभर धावपळ केली, वाचला. सापाने त्याला जेवढं केलं होतं ना, त्याच्या दुप्पट त्या औषधाने केलं होतं. देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, त्याच्या हातात तेवढंच होतं आणि समोर दहा माणसं आरडाओरडा करत उभी होती. म्हणून साप नक्की चापडा असेल आणि लक्षणंही चापड्याचीच असतील तर एएसव्ही घेण्यासाठी डॉक्टरवर दबाव आणू नका.

मात्र याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. साप बघितलाच नसेल, आणि पापण्या जड व्हायला लागल्या, बोलणं अडखळायला लागलं, गिळता येईना, तर तो चापडा नाही, तो नाग किंवा मण्यार. तिथे हिशोब पूर्ण वेगळा, तिथे एएसव्ही आणि श्वासाची सोय दोन्ही लागतात, तेही मिनिटांत. त्यामुळे "अंदमानात एएसव्ही घेऊच नका" असा माझ्या लिहिण्याचा अर्थ कोणी काढू नका.

चापड्याचं विष नेमकं काय करतं ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. दोन गोष्टी करतं. एक, चावलेल्या जागी आग, ठणका, आणि सूज, ती सूज चढत जाते, बोटाला चावला तर मनगटापर्यंत, कधी कोपरापर्यंत, पाण्याचे फोड येतात, क्वचित तिथली कातडी काळी पडते. दोन, रक्त गोठवणारं जे फायब्रिनोजेन असतं ते खाऊन टाकतं आणि प्लेटलेट पाडतं, म्हणजे रक्त पातळ होतं. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसते म्हणून सगळे तिला घाबरतात. दुसरी दिसत नाही आणि धोका तिच्यात आहे.

ती न दिसणारी गोष्ट बघायला एक इतकी साधी टेस्ट आहे की विश्वास बसणार नाही. पेशंटचं दोन मिलि ताजं रक्त घ्यायचं, कोऱ्या, कोरड्या काचेच्या टेस्ट ट्यूबमध्ये घालायचं, आणि वीस मिनिटं कोणीही हात न लावता उभं ठेवायचं. घड्याळ लावून वीस. मग ट्यूब हळूच आडवी करायची. रक्ताचा जेलीसारखा गोळा झाला असेल तर ठीक. पाण्यासारखं ओघळलं तर विषाने रक्तावर परिणाम केलाय. बस एवढंच. पण ट्यूब काचेचीच पाहिजे, प्लास्टिकमध्ये रक्त नीट गोठत नाही कारण काचेच्या स्पर्शाने गोठायची क्रिया सुरू होते, आणि ती साबणाने धुतलेली नको, साबणाचा अंश राहिला तरी उत्तर खोटं येतं. आमच्या केंद्रात सिस्टर नव्या ट्यूबांचा एक डबा वेगळा ठेवायच्या, त्यावर मार्करने "साप" एवढंच लिहिलेलं, त्या डब्याला दुसऱ्या कामासाठी हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. रात्री लाईट गेलेली असताना बॅटरीच्या उजेडात ती ट्यूब आडवी करताना जी धाकधूक व्हायची ती मला अजून आठवते, पेशंटची आई, बायको, सगळे त्या ट्यूबकडेच बघत असायचे.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण या उत्तरात सगळ्यात जास्त उपयोगाचं काही असेल तर ते हेच. सुरुवातीच्या वर्षात एक बाई आल्या, अंगणातल्या पिंपाच्या झाकणावर चापडा बसलेला, अंधारात हात घातला आणि अंगठ्याला चावला. सूज जेमतेम मनगटापर्यंत. ट्यूब टेस्ट केली, छान गोठलं. सहा तासांनी परत केली, गोठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना घरी सोडलं, गोळ्या दिल्या, म्हटलं आता काही काळजी नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या परत आल्या, दात घासताना हिरड्यांतून रक्त येतंय ते थांबेना आणि दंडावर निळे डाग. टेस्ट केली तर रक्त पाण्यासारखं ओघळलं. या कुळातल्या सापांचं विष असं उशिरा सुद्धा परिणाम दाखवतं, हे मला पुस्तकातून माहीत असायला हवं होतं, लक्षात राहिलं ते त्या बाईंमुळे. पोर्ट ब्लेअरच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं, तिथे प्लाझ्मा दिला, आठवड्याने बऱ्या होऊन आल्या. त्यानंतर मी चापड्याचा एकही पेशंट तिसऱ्या दिवसाची टेस्ट झाल्याशिवाय मोकळा केला नाही. घरी पाठवला तरी रोज येऊन रक्त देऊन जायचं, सुईची भीती वाटली तरी, काम बुडलं तरी. त्यामुळे ताई, देव न करो, पण कधी वेळ आली आणि डॉक्टर पहिल्या दिवशी म्हणाले की सगळं नॉर्मल आहे, तर तुम्ही स्वतः विचारा की उद्या आणि परवा टेस्टला कधी येऊ.

चावल्याबरोबर काय करायचं ते आता. सापापासून लांब व्हा, बसा. अंगठी, बांगडी, घड्याळ लगेच काढा, सूज चढली की अंगठी कापावी लागते आणि तोपर्यंत बोट काळंनिळं होतं. हात असेल तर फळकुटाला किंवा जाड पुठ्ठ्याला सैल बांधून गळ्यात अडकवा, हलवायचा नाही, पाय असेल तर चालायचं नाही, कोणीतरी उचलून न्या. बॉलपेनने सुजेच्या कडेला एक रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा, मग अर्ध्या अर्ध्या तासाने नवीन रेघ. हे मी सगळ्यांना सांगतो कारण दवाखान्यात पोहोचल्यावर ते हातावर लिहिलेलं रेकॉर्ड मला दहा प्रश्नांची उत्तरं देतं, सूज किती वेगाने चढतेय ते रेघांमधल्या अंतरावरून दिसतं. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल. ॲस्पिरिन, ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम अजिबात नाही, आधीच पातळ होणारं रक्त त्याने आणखी पातळ होतं.

आणि दोरी आवळायची नाही. हे मी कितीही मोठ्याने लिहिलं तरी कमी आहे. सुपारीच्या बागेतला एक कामगार आला होता, पडलेल्या झावळ्या गोळा करताना मधल्या बोटाला चावला, सोबतच्यांनी मासेमारीच्या नायलॉनच्या दोरीने मनगटाच्या वर गच्च बांधलं आणि नदीपलीकडून होडीने, मग टेम्पोने, चार तासांनी माझ्याकडे आणलं. दोरी मांसात रुतलेली. विष आधीच तिथल्या तिथे मांस खराब करणारं, त्याला बाहेर जायला वाट नाही, रक्तपुरवठा बंद, सगळं नुकसान त्या एका पंजात साठलं. त्याचं बोट गेलं. पोटासाठी झाडावर चढणारा माणूस तो. नुसता हात स्थिर ठेवून आणला असता तर फार फार तर आठ-दहा दिवस सूज राहिली असती असं मला आजही वाटतं. कापणं, चोखणं, बर्फ लावणं, हे पण नको. सापाला मारून पिशवीत घालून आणू नका, तुटलेलं डोकं सुद्धा बऱ्याच वेळापर्यंत चावू शकतं, फोटो पुरे.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते प्रामाणिकपणे सांगतो, कारण सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. तुम्ही वंडूर रस्त्याला आहात म्हणजे नशीबवान आहात, पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम, गाडीने तासाभराच्या आत. तिथे रक्तपेढी आहे, सर्जन आहेत. हाच प्रश्न कोणी डिगलीपूर किंवा लिटल अंदमानातून विचारला असता तर मी वेगळं लिहिलं असतं, कारण बेटांवरच्या मुख्य रस्त्यावर, ट्रंक रोडवर, जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून गाड्या ठरलेल्या वेळी एकत्र सोडतात, रात्री तो रस्ता सहसा बंद, आणि लिटल अंदमानातून तर जहाज नाहीतर हेलिकॉप्टर. तिथल्या माणसाने जवळच्या केंद्रात आधी जाऊन टेस्ट सुरू करायची आणि पुढे पाठवायचा निर्णय लवकर घ्यायचा, रक्त वाहायला लागेपर्यंत थांबायचं नाही. घरात कोणी रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असेल, गरोदर बाई असेल, किडनीचा त्रास असेल, तर पहिल्याच तासात मोठ्या हॉस्पिटलला.

आणि लहान मूल असेल तर ॲडमिटच, यात दुसरं मत नाही. साप मूल बघून कमी विष सोडत नाही, तेवढंच विष बारा-पंधरा किलोच्या अंगात जातं. पण हेही सांगतो की नऊ वर्षांत माझ्याकडे या सापाने चावलेली जी मुलं आली ती सगळी घरी गेली. या सापाने माणूस दगावणं फार क्वचित होतं. सगळ्याच चाव्यांत विष जातं असंही नाही, कधी कधी कोरडा चावा असतो, दोन दाताच्या खुणा आणि बाकी काही नाही. ते कोरडं होतं हे मात्र टेस्ट झाल्यावर ठरवायचं, घरी बसून नाही.

थोडक्यात इथपर्यंतचं: एएसव्ही यावर नाही, उपचार आहे, तो म्हणजे स्थिर ठेवणं, लवकर पोहोचणं, काचेच्या ट्यूबची टेस्ट, आणि तीन दिवस लक्ष. आता तुमच्या खिडकीकडे येऊ.

हा साप तुमच्या खिडकीत तीन दिवस का बसलाय? तुमच्यावर राग म्हणून नाही आणि घरात शिरायचं म्हणूनही नाही. हा शिकारीमागे पळणारा साप नाही, दबा धरून बसणारा आहे, चांगली जागा सापडली की दिवसचे दिवस तिथेच बसतो. तुमच्या मोरीत लाईट लागतो, लाईटला किडे येतात, किड्यांना पाली येतात, खाली सांडपाण्याला बेडूक येतात. त्याच्या दृष्टीने ती खानावळ आहे. बेडकांवरून आठवलं, आपल्याकडचा तो पावसाळ्यात पिवळा होणारा मोठा बेडूक अंदमानात मूळचा नाही, माणसांनीच तिथे नेला आणि आता तो बागांमधून, डबक्यांमधून भराभर पसरलाय, त्याची पिल्लं तिथल्या मूळ बेडकांची पिल्लं खातात. हे जरा विषयांतर झालं, पण घराभोवती डबकी कमी केलीत तर तुमचं आणि त्या बेटाचं, दोघांचंही भलं आहे.

तर करायचं काय. मोरीच्या खिडकीला बारीक जाळी ठोका, आजच. बाहेरचा दिवा शक्यतो खिडकीपासून लांब, नाहीतर काम झालं की बंद. सांडपाण्याचा पाईप लांब न्या. भिंतीला टेकलेल्या फांद्या, वेली छाटा, कारण हा शेपटीने फांदी धरून भिंतीवर येतो. नारळाच्या करवंट्या, लाकडं, जुने पत्रे भिंतीला लागून ठेवू नका. संध्याकाळनंतर पिंपाचं झाकण, नळाची तोटी, कुंडी, दोरीवरचे कपडे, कशालाही हात लावायच्या आधी बॅटरी मारायची. माझ्याकडे आलेल्या चाव्यांतले बहुतेक हाताचे होते आणि त्यातले बहुतेक या एका सवयीने टळले असते. आपल्याला सवय असते साप जमिनीवर शोधायची, इथे तो कमरेच्या, छातीच्या उंचीवर असतो.

मारू नका. भावनेपोटी म्हणत नाही, जरी मला हा साप मनापासून आवडतो आणि तो जगात फक्त या बेटांवर आहे हे मी विसरू शकत नाही. व्यवहाराने सांगतो, काठी घेऊन मारायला गेलेला माणूस हा माझ्या केंद्रातला नेहमीचा पेशंट होता. आणि हा एक मारलात तरी ती जागा चांगली आहे तोपर्यंत दुसरा येणार. वनखात्याला फोन करा, ते किंवा त्यांच्याकडचा प्रशिक्षित माणूस लांब काठीने उचलून जवळच्याच झाडीत सोडेल. जवळच्याच म्हणतोय, दहा किलोमीटर लांब जंगलात नेऊन सोडलेला साप अनोळखी जागेत भटकतो आणि बहुतेक वेळा जगत नाही.

नाशिकला परत जायचं का? ताई, नाशिकच्या शेतमळ्यात घोणस आहे, नाग आहे, मण्यार आहे, आणि हे तिन्ही या चापड्यापेक्षा कितीतरी जास्त जीव घेतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सापाच्या चाव्याने साधारण १२ लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला ५८ हजारांच्या आसपास, आणि त्यात घोणस, मण्यार, नाग यांचाच मोठा वाटा. सापासाठी म्हणून अंदमान सोडायचं काहीच कारण मला दिसत नाही.

सिंधुदुर्ग-गोव्याकडचे जे लोक हे वाचतायत त्यांच्यासाठी दोन ओळी. आपल्याकडचे चापडे, म्हणजे बांबूतला हिरवा, मलबारी, आणि गोव्याच्या आसपास सापडणारा तो छोटा, नाक वर उचललेला, यांच्यावरही एएसव्ही नाही. त्या नाकवाल्याला हलकं घेऊ नका, २००७ मध्ये केरळातल्या डॉक्टरांनी त्याचे जीवघेणे चावे पहिल्यांदा खात्रीने नोंदवले, लोक त्याला फुरसं समजून एएसव्ही देत होते. तो किडनी खराब करतो, श्रीलंकेत याचा मोठा अनुभव आहे. म्हणून चापड्याच्या कुठल्याही पेशंटची लघवी किती होतेय हे मी लिहून ठेवायला सांगतो. सेल्युलर जेल आणि हॅवलॉक बघायला जाणाऱ्यांनी मात्र उगाच घाबरू नये, रात्री रिसॉर्टच्या पायवाटेवर बॅटरी वापरा आणि झुडपात हात घालू नका, बास.

शेवटचं एक काम यजमानांना सांगा, उद्याच. तुमच्या जवळच्या केंद्रात जाऊन दोन गोष्टी विचारायच्या: सापाच्या टेस्टसाठी काचेच्या कोऱ्या ट्यूब आहेत का, आणि रात्री अकरानंतर तिथे कोण असतं. उत्तर नाही आलं तर रात्रीची गाडी कोणाची मिळेल ते आत्ताच ठरवून त्याचा नंबर फ्रीजवर चिकटवा. आणि मुलीला एक छोटी बॅटरी घेऊन द्या, तिला आवडेल, मोरीत जाताना आधी खिडकीवर उजेड मारायचा हा खेळ तिला तुमच्या आधी जमेल. फोटो टाकलात की मी बघतो.